बायकोने भांडणात सांगितलं, तोंडाला वास येतो!

प्रश्न : वय ३६, पतसंस्थेत कॅश काउंटरला बसतो. तोंडाला वास येतो हे मला माहीतच नव्हतं, बायकोने सांगितलं, तेही भांडणात. तेव्हापासून समोरच्याशी बोलताना हात तोंडाकडे जातो. पोट साफ नसेल म्हणून रोज रात्री त्रिफळा चूर्ण घेतो, कांदा-लसूण बंद केलाय, तीन टूथपेस्ट बदलून झाल्या, खिशात कायम लवंग असते. खालच्या डाव्या दाढांना ब्रश लागला की रक्त येतं म्हणून तिकडे जरा हळूच घासतो. काय करू?

उत्तर : तुमचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, शेवटून दुसऱ्या वाक्यात. रक्त येतं म्हणून तिकडे नीट घासत नाही, नीट घासत नाही म्हणून तिथे घाण साठते, साठते म्हणून हिरडी सुजते आणि सुजलेली हिरडी ब्रश लागला की परत रक्त सोडते, हे असं गोल गोल चालू आहे तुमचं. आणि आपल्याकडे तोंडाला वास म्हटलं की सगळे पोटाच्या मागे लागतात! अहो, दहातल्या आठ-नऊ जणांचा वास तोंडातूनच येतो. जिभेच्या पार मागच्या भागावर आणि हिरड्यांच्या खाचांत हवा न लागणारे जंतू असतात, ते अन्नातली प्रथिनं, मेलेल्या पेशी, रक्त असलं सगळं कुजवतात आणि त्यातून गंधकाचे वायू निघतात. हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्याचा वास, आणि मिथाइल मरकॅप्टन, ज्याच्या भावकीतलं एक रसायन गॅस सिलेंडर लीक झाला की कळावं म्हणून मुद्दाम त्यात मिसळतात. आता याच्यावर लवंग म्हणजे कचराकुंडीजवळ उदबत्ती.

एक करून बघा. डेंटल फ्लॉसचा धागा मेडिकलमध्ये मिळतो, तो त्याच डाव्या दाढांच्या फटीतून काढा, अर्धा मिनिट थांबा आणि हुंगा. मग उजवीकडचा काढून हुंगा. नाक मुरडाल, पण मुक्काम कुठे आहे ते कळेल. (हातावर फुंकर मारून काही कळत नाही, आपल्या नाकाला आपलाच वास सवयीचा झालेला असतो.)

मग दंतवैद्याकडे जाऊन स्केलिंग, म्हणजे दातांवरचा कडक थर काढणं. ब्रशने तो निघतच नाही. आता तुम्ही म्हणाल स्केलिंगने दात हलतात, प्रत्येक पेशंट म्हणतो. नाही हलत. थर गेला की फटी जाणवतात आणि थोडे दिवस गार पाणी झिणझिणतं, एवढंच. हिरड्यांत खोल खाचा झाल्या असतील तर आतून साफ करायला दोन-तीन खेपा लागतात. डायबेटिस असला की हिरड्या लवकर बिघडतात, त्यामुळे एकदा शुगरही तपासून घ्या.

घरी मऊ ब्रश, दोन वेळा, दोन-दोन मिनिटं, आणि रक्त येतं तिथे तर चुकवायचंच नाही, हिरडीच्या कडेला ब्रश तिरका धरून हलक्या हाताने घासा. स्केलिंगनंतर साधारण आठवडा-दोन आठवड्यांत रक्त थांबतं. फटींतून रोज रात्री फ्लॉस. जीभ मागून पुढे ओढत साफ करा, ओकारी येईल इतकं मागे नको आणि जोर लावून खरवडायची तर मुळीच नको. मशेरी किंवा तंबाखू असेल (लिहिलं नाहीत, पण विचारतो) तर ती सोडल्याशिवाय या सगळ्याला अर्थ नाही.

क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश डॉक्टर लिहून देतील, पण ते दोन आठवड्यांच्या वर स्वतःहून चालू ठेवू नका, दात तपकिरी पडतात आणि जेवणाची चव बिघडते. ब्रश केल्या केल्या पण नको, अर्धा तास जाऊ द्या, पेस्टमुळे त्याचा जोर कमी होतो. काउंटरवर बाटली ठेवून घोट घोट पाणी प्या. तोंड कोरडं पडलं की वास वाढतो, उपासाच्या दिवशी आणि सकाळी उठल्यावर येतो तो म्हणूनच. ॲलर्जीच्या आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं.

आणि कांदा-लसूण परत सुरू करा हो. लसणाचा वास रक्तातून फुप्फुसात जाऊन श्वासातून येतो, म्हणून ब्रशने जात नाही हे खरं, पण दिवसभरात जातो, महिनोन्‌महिने थोडाच टिकतो. एवढं सगळं करून वास तसाच राहिला, तर मग टॉन्सिलमधले पांढरे खडे, सायनस वगैरे बघायला कान-नाक-घसा डॉक्टर. पोटाचा नंबर त्याच्याही नंतर.

प्रश्न : माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलीच्या तोंडाला आठ दिवसांपासून घाण वास येतोय. दात छान आहेत, ताप नाही, फक्त एका नाकपुडीतून पिवळा शेंबूड. सासूबाई म्हणतात जंत झालेत.

उत्तर : जंत नाही, बहुतेक नाकात काहीतरी घातलंय तिने. लहान मुलाला एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड आला की मणी, शेंगदाणा, स्पंजचा तुकडा यांचा संशय आधी घ्यायचा. आजच कान-नाक-घसा डॉक्टरांकडे न्या. घरी चिमटा घालू नका, वस्तू आणखी आत सरकते. आणि जायच्या आधी घरातली रिमोट, खेळणी बघून घ्या, एखादा बटण सेल गायब दिसला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा, तो काही तासांत नाक आतून जाळतो.