आरव्हीने फिरताना एकाच छोट्या गावात चार रात्री काढाव्यात का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात दहा दिवसांसाठी आरव्ही, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली घरासारखी गाडी, भाड्याने घेताय, दोघंच आहात, तर सलाइडासारख्या छोट्या गावात तीन-चार रात्री थांबलं तर दिवस फुकट जातील का. आम्ही दोघांनी नेमकं हेच केलं, जूनच्या पहिल्या आठवड्यात. त्या प्रवासातल्या त्याच दिवसांचा तास न् तास मला आजही आठवतो. तेव्हा थांबाच.

आरव्हीचं एक आधी कोणी सांगत नाही. मुक्काम हलवायचा म्हणजे रोजचा तास-दीड तास जातो. विजेची केबल काढा, पाण्याचा पाइप गुंडाळा, टाक्या रिकाम्या करा, चाकांमागचे ठोकळे काढा, कपाटांची दारं लागलीत का बघा; आणि संध्याकाळी हेच सगळं परत उलटं. पहिले चार दिवस आम्ही रोज गाव बदललं. नवरा दिवसभर गाडी चालवून दमायचा आणि वर तासभर ती लेव्हल करत बसायचा. एवढं घर बरोबर घेऊन फिरत होतो, पण त्याच्या दारात खुर्ची टाकून बसायला सवड नव्हती.

सलाइडाला आम्ही पश्चिमेच्या गनिसन गावाकडून मोनार्क पास उतरून आलो. हा घाट 11,312 फुटांवर आहे. माथ्याच्या पश्चिमेचं पाणी कोलोरॅडो नदीकडे वाहतं, पूर्वेचं आर्कान्सा नदीतून मिसिसिपीला मिळतं. उतरताना खालच्या गिअरमध्येच राहा, ब्रेक दाबून धरू नका आणि मागे गाड्या साचल्या तर जागा मिळेल तिथे बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्या. आमच्या पुढच्या एका गाडीच्या ब्रेकमधून जळका वास येत होता, तो काचा बंद असूनही आत आला.

गाव सात हजार फुटांवर आहे. पहिल्या रात्री साध्या पातेल्यात लावलेली डाळ दीड तासानेही शिजली नाही, कारण तिथे पाणी 93 अंशांच्या आसपासच उकळतं. छोटा कुकर असेल तर बरोबर न्या. आणि पहिला दिवस चढावर चालायला जाऊ नका, पाणी पीत राहा.

गावाचं नाव स्पॅनिश आहे, अर्थ 'बाहेर पडायची वाट'. स्पॅनिश उच्चार 'सालिदा', गावकरी मात्र 'सलाइडा' असंच म्हणतात. 1880 मध्ये रेल्वेने वसवलेलं हे गाव. आगींनी सुरुवातीची लाकडी घरं खाल्ली, म्हणून जुन्या पेठेत आज विटांच्याच इमारती दिसतात. त्या पेठेत आरव्ही नेऊ नका. गाडी एकदा लावली की चावी कपाटात ठेवा, सगळं पायी होतं. गरम पाण्याचा सार्वजनिक तलाव आहे, मंदीच्या काळात, 1930 च्या दशकात, सरकारी रोजगार योजनेतून बांधलेला. त्याचं पाणी पाच मैलांवरच्या पोंचा स्प्रिंग्सच्या झऱ्यांतून नळाने येतं. संध्याकाळी तिथे शाळकरी पोरांपासून काठी टेकत आलेल्या आजींपर्यंत सगळं गाव भेटतं.

पण मला सांगायचंय ते गावातून वाहणाऱ्या आर्कान्सा नदीचं. आमचा मुक्काम होता त्या आरव्ही पार्कच्या नदीकाठावर एक करडा दगड होता, बसायच्या उंचीचा. सकाळी चहा घेऊन गेलो तेव्हा पाणी त्याच्या माथ्यावरून वाहत होतं. दुपारी चारला तोच दगड वरून कोरडा, हात लावला तर ऊबदार. आम्हाला वाटलं पूर ओसरला. दुसऱ्या सकाळी तो पुन्हा बुडालेला! शेजारच्या गाडीतल्या एका आजोबांनी उलगडा केला. दुपारच्या उन्हात वर लेडव्हिलकडच्या डोंगरांवर बर्फ वितळतो, आणि ते पाणी गावापर्यंत यायला रात्र जाते. आदल्या दुपारचं ऊन आपण सकाळी नदीत बघत असतो. एका रात्रीचा मुक्काम केला असता तर हे आमच्या लक्षातही आलं नसतं. त्यानंतर आम्ही दोघं दिवसातून तीन-तीनदा फक्त तो दगड बघायला जायचो.

राफ्टिंग करायचं असेल तर ब्राउन्स कॅन्यन ही नदीची दरी जवळ आहे, 2015 पासून ती 'राष्ट्रीय स्मारक' म्हणून संरक्षित आहे. जूनमध्ये पाणी जोरात आणि बर्फगार असतं. नवखे असाल तर जुलै-ऑगस्टची सहल जास्त सुखाची. जूनच्या मध्यावर 1949 पासून चालत आलेला नदीचा उत्सव असतो, तेव्हा आरव्हीला जागा मिळणं कठीण. आधी बुक करा, नाहीतर आमच्यासारखे आठवडाभर आधी जा. दुपारी वारा सुटतो, त्यामुळे गाडीच्या बाजूला सावलीसाठी उघडायचं कापडी छत उघडं टाकून फिरायला जाऊ नका.

निघताना पूर्वेचा रस्ता घ्या, यूएस 50 महामार्ग. पार्कडेलपर्यंत तो नदीला लागूनच जातो. आम्ही निघालो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते, दगड पाण्याखाली होता. वाटेत नवरा म्हणाला, आपण हळू चाललोय, पाणी आपल्या आधी पोहोचेल. घाई करा, असं मी म्हटलं नाही.