1700 च्या आसपास अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याच्या एखाद्या गावात जमीन कोणी कोणाला विकली, हे कुठे सापडेल?

त्या गावाच्या टाउन क्लर्ककडे (गावचं दप्तर सांभाळणारा अधिकारी) बघा, काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) ऑफिसात नाही, कारण कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड आणि व्हरमाँटमध्ये खरेदीखतं आजही गावपातळीवरच नोंदवतात (शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र काउंटीला, तिथेच लोक गंडतात). तिथल्या वह्यांच्या ग्रँटर इंडेक्समध्ये (नावांची सूची) विकणाऱ्याचं नाव शोधायचं, ग्रँटीमध्ये घेणाऱ्याचं, बऱ्याच जुन्या वह्यांचे स्कॅन फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट आहेत. फक्त एक, मूळ वसाहतवाल्यांना वाटणीत मिळालेली जमीन ही विक्री नसते त्यामुळे तिचं खरेदीखत सापडणार नाही, ती प्रोप्रायटर्सच्या (गावच्या जमिनीचे मूळ सामाईक मालक) दप्तरात बघा, आणि गाव नंतर फुटून वेगळं झालं असेल तर आधीचे व्यवहार मूळ गावच्या वहीत असतात.