उशीखाली भाकरी ठेवणारं पोर

ताई, तुमचा प्रश्न वाचला. निपाणीच्या बाजूच्या एका निवासी शाळेत तुम्ही दोन महिन्यांपूर्वी गृहमाता म्हणून लागलात. निराधार पोरांची सोय ठरवणाऱ्या सरकारी बाल कल्याण समितीकडून आलेला एक नऊ वर्षांचा मुलगा उशीखाली भाकरी लपवतो, रात्री दोन-अडीचला उठून बसतो, मागून कुणाचा हात लागला तर फिरून फटका देतो. बाकीचे म्हणतात, लाड बंद करा, आपोआप सरळ येतंय. तुम्ही विचारलंय, कडक वागू की मऊ?

मी बेळगाव तालुक्यात अशाच एका ठिकाणी 19 वर्षं काढली. कडक की मऊ हे बाजूला ठेवा. उद्या आपलं काय होणार हे त्या पोराला आज कळतंय का, तेवढं बघा. माझा सगळा अनुभव त्या एका गोष्टीभोवती फिरतो.

भाकरीचंच घ्या. नवीन होते तेव्हा मी शिस्तीच्या नावाखाली अचानक पेट्या तपासायची. एका मुलाच्या पेटीत मुंग्या लागलेल्या वाळक्या भाकरी निघाल्या. मी सगळ्यांसमोर त्या कचऱ्यात टाकल्या आणि वर दोन शब्द सुनावलेही. त्याच संध्याकाळी तो पळाला. रात्री अकराला स्टँडवर सापडला, चिकोडीच्या गाडीच्या फलाटावर, मांडीवर चुरमुऱ्याची पुडी घेऊन. पुडी फोडलेलीसुद्धा नव्हती. पोराला भूक नव्हती हो, उद्याची सोय पाहिजे होती.

मग आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनी एक स्टीलचा डबा काढला, त्यावर त्याचं नाव घातलं आणि त्याचा हात पोचेल अशा खालच्या फळीवर ठेवला. रोज रात्री त्यात एक ताजी भाकरी. मागायची गरज नाही, विचारायची गरज नाही. कितीतरी दिवस तो झोपायच्या आधी येऊन झाकण काढायचा, बोटानं भाकरी दाबून बघायचा आणि परत झाकण लावायचा. खायचा नाही. सकाळी ती भाकरी मावशी कुत्र्याला घालायच्या. पुढं कधीतरी त्याचं यायचं बंद झालं, नेमकं कधी ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. डबा मात्र आम्ही वर्षभर भरत राहिलो.

आता मारण्याबद्दल. ज्या पोराला घरातच धोका होता त्याच्या अंगात धोक्याची घंटा बारीकसारीक गोष्टीनंही वाजते. दारूचा वास, दार आपटणं, मागून पडलेला हात, काहीही पुरतं. घंटा वाजली की विचार करायचं डोकं मागं पडतं आणि उरतं ते मारणं, पळणं नाहीतर दगड होणं. अशा वेळी "का मारलंस, सांग!" म्हणून समोर उभं केलं तर तो काय सांगणार? त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं. आधी बाजूला घ्या, पाणी द्या, शेजारी बसा, समोर नको. श्वास खाली आला की मग बोला, आणि ज्याला लागलंय त्याच्याकडं त्याला जायला लावा. मारू नये हा नियम राहतोच, फक्त तो सांगायची वेळ बदलते. मागून हात लावायचा नाही, हे बाकीच्या पोरांना एकदा नीट सांगून टाका. पोरं ऐकतात. मोठ्यांनाच दहादा सांगावं लागतं.

दगड होणारी पोरं मात्र आपल्या नजरेतून सुटतात. "ती फार शहाणी आहे, तिचा काही त्रास नाही" असं जिच्याबद्दल सगळे म्हणतात, तिच्याकडं आधी बघा. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, चिकोडी, अथणी, कागवाडकडची गावं पाण्यात गेली. त्यानंतर आमच्याकडं नदीकाठची एक मुलगी आली. अभ्यासात चांगली, कामात चांगली, कधी तक्रार नाही. पुढच्या मृगात पत्र्यावर पाऊस वाजायला लागला त्या रात्री मी फेरी मारली तर ही चपला घालून झोपलेली, उशाला कपड्यांचं गाठोडं, त्यात वह्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. मी गाठोडं सोडायला लावलं नाही. सकाळी तिला घेऊन शाळेमागच्या उतारावर गेले आणि पाणी कुठून येतंय, कुठल्या ओढ्याला मिळतंय, हे चालत चालत दाखवलं. पुढच्या प्रत्येक मोठ्या पावसात ती संध्याकाळी तो ओढा बघून यायची, बरोबर कुणीतरी जायचं. चपला दुसऱ्या वर्षी पायातून निघाल्या. गाठोडं दहावीपर्यंत होतं, असू दे की.

रात्रीची तयारी वेगळी लागते. झिरोचा दिवा ठेवा. रात्री फेरी मारणाऱ्या मामांना सांगा, बॅटरी तोंडावर मारायची नाही, चादर ओढायची नाही. उठवायचं असेल तर पायाकडून, आधी त्याचं नाव, मग आपलं नाव, रोज त्याच शब्दांत. अंथरूण ओलं होत असेल तर गादीवर रबरी कापड घाला आणि सकाळी कुणाला न कळता चादर बदला. अंगणात सगळ्यांसमोर गादी वाळत घालणं म्हणजे पोराच्या नावाची पाटीच. जंत, लघवीचा संसर्ग हेही डॉक्टरांकडून तपासून घ्या, सगळंच मनाचं नसतं.

भाषेचं कुणी विचारत नाही म्हणून मी सांगते. आपल्याकडं दिवसभर मराठी बोलणारं पोर झोपेत कन्नडमधून ओरडतं, किंवा उलटं. भीती आईच्या भाषेत येते. त्यामुळं तुमचं मराठी कितीही गोड असलं तरी रात्री "येनातु? अंजबेडा" (काय झालं? घाबरू नको) एवढं तरी कन्नड यायला पाहिजे. सीमाप्रश्न मोठ्यांनी मोठ्यांच्या जागी लढवावा, रात्री अडीचला गादीवर नाही. समुपदेशक कन्नड बोलणारे आणि पोर मराठी, असं आपल्याकडं हमखास होतं. तेव्हा मध्ये दुभाषा म्हणून दुसऱ्या मुलाला बसवू नका, कधीच नाही. आमच्याकडं एकदा तसं झालं आणि दुपारच्या जेवणापर्यंत पोराची गोष्ट सगळ्या पंगतीला माहीत होती.

आणि पोरं समुपदेशकाकडं बोलतीलच असं नाही. त्या बाई आठवड्यातून तासभर येतात, खुर्ची समोर ठेवतात. पोरं बोलतात ती मावशींजवळ, कोथिंबीर निवडताना, कारण हात कामात असतात आणि कुणी डोळ्यांत बघत नसतं. म्हणून शिकवायचं असेल तर आधी मावशींना शिकवा. मी त्यांच्याकडून तीन गोष्टी घोटून घेतल्या होत्या. "बरं केलंस सांगितलंस" म्हणायचं. खोदून विचारायचं नाही. आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, कारण ते मोडावं लागतं. लैंगिक अत्याचाराचं काही कानावर आलं तर पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, शाळेची अब्रू वगैरे आड येत नाही. पोरानं जे शब्द वापरले तेच लिहून ठेवा, आपले शब्द घालू नका. मावशींना लिहिता येत नसेल तर त्यांनी लगेच तुम्हाला सांगावं आणि तुम्ही लिहावं.

"दोन फटके दिले की सरळ येतंय" म्हणणाऱ्यांना हेही ऐकवा: बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 82 खाली बालगृहात मारणं गुन्हा आहे, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शाळेत मारायला आणि मानसिक छळालाही बंदी आहे. अंधाऱ्या खोलीत बसवणं, जेवण तोडणं हे "मारलं कुठं?" म्हणून सुटत नाही.

महिना-दोन महिने झोप लागत नाहीच, स्वतःला इजा करतोय, खाणं सुटलंय, असं असेल तर वाट बघू नका. बेळगावला बिम्सच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या, मानसोपचार विभागात न्या, नाहीतर धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत. मनाच्या त्रासासाठी सरकारी टेलि-मानस 14416 आणि मुलांच्या मदतीसाठी 1098 हे नंबर ऑफिसच्या कपाटात नकोत, फोनजवळ भिंतीवर पाहिजेत. मेडिकलमधून झोपेची गोळी आणून देऊ नका. लोक देतात, म्हणून लिहिते.

शेवटी भेटीचे रविवार. "बाबा येतो म्हणालाय" असं पोराला ठामपणे सांगायचं नाही. "येतो असा फोन आलाय, गाडी चुकली तर आपण दोघं दुपारी पतंग करू" असं सांगायचं, आणि तो नाही आला तर पतंग करायचाच. तुम्ही रजेवर जाणार असाल तर पंधरा दिवस आधी सांगा, कॅलेंडरवर त्याच्याच हातानं खूण करून घ्या. नोकरी सोडणार असाल तरी तसंच. न सांगता नाहीशी झालेली माणसं त्याच्या आयुष्यात आधीच पुष्कळ आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत ज्यांना घर नाही ती तीन-चार पोरं मागं राहतील, तुमचा हा त्यातलाच दिसतोय. तेव्हा कोण थांबणार ते आत्ताच ठरवून त्याला सांगून टाका. आणि त्या दिवसांत मावशींना आणि रात्रीच्या मामांना एकदम सुट्टी देऊ नका, एकाला तरी ठेवा. सुट्टीहून परतलेली पोरं पहिला आठवडा बिथरलेली असतात, त्या आठवड्यात चाचणी परीक्षा ठेवू नका असं हेडमास्तरांना सांगून बघा. माझं कुणी ऐकलं नव्हतं, तुमचं ऐकतील कदाचित.

सध्या पंधरा दिवस एवढंच करा: तो रात्री किती वाजता उठतो, त्या दिवशी काय झालं होतं, जेवणात काय होतं, कोण ड्युटीला होतं, हे वहीत लिहा. मग परत इथं टाका, आपण बघू.