तिच्या हातातले काम काढून घेऊ नकोस

चि. बाळास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा निरोप पोहोचला. तू बेंगळुरूची बस धरलीस त्या रात्री आई जेवली नाही हे तुला शेजाऱ्यांकडून कळले आणि तेव्हापासून तू उपाय योजत बसला आहेस. स्वयंपाकाला बाई ठेवायची, देवपूजा भटजींवर सोपवायची आणि गणपती झाले की आईला कायमची तिकडे न्यायची. आपण येतो आणि तिला रडवून निघतो, तर येणेच कमी करावे का, असेही विचारले आहेस. त्या शेवटच्या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही, कारण ते तुला ठाऊक आहे. बाकीच्यांबद्दल एकच सांगते: तिच्या हातातले काम काढून घेऊ नकोस.

तुम्ही मुले मे महिन्याच्या अखेरीस निघता, तेव्हा आमची आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी, अगदी तोंडावर आलेली असते. तळकोकणात जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस धरतो, आणि त्याआधी रातांब्याची साले आगळात, म्हणजे मीठ घातलेल्या त्यांच्याच रसात, पुन्हा पुन्हा बुडवून, उन्हात घालून, पुटे देऊन आमसुले करायची असतात, आंब्याच्या आणि फणसाच्या रसाची वाळत घातलेली साठे उलटायची असतात, लाकडे पडवीत ओढायची असतात, कुळीथ आणि तांदूळ ऊन दाखवून डब्यांत भरायचे असतात. मुलगा गेला म्हणून रात्री न जेवलेली बाई सकाळी आभाळ भरून आलेले पाहते आणि अंगणातली सुपे उचलायला धावते. त्या धावण्यात तिला तुझी आठवण येत नाही असे मी म्हणणार नाही. तू बसत होतास त्याच बाकाला टेकवून ती सूप ठेवते. पण ठेवते, आणि पुन्हा दुसरे आणायला जाते. तू बाई ठेवलीस तर आमसुले कुडाळच्या बाजारातून येतील आणि आई त्या बाकावर बसून राहील. हे तुला हवे आहे का?

नैवेद्याचे तर तुला अजिबात कळलेले नाही, आणि त्याचा मला थोडा रागही आला. "एकटीसाठी एवढा घाट कशाला" असे तू लिहिलेस. एकटीसाठी कोणतीच बाई वरणभाताचा कुकर लावत नाही. ती चहा घेते आणि बिस्किटावर दिवस काढते. देवाला मात्र बिस्किटे दाखवता येत नाहीत. त्याच्यासाठी भात शिजतो, वरणाला फोडणी बसते, भाजी होते, आणि पान वाढून झाले की ते प्रसादाचे अन्न टाकून देण्याची तिची छाती होत नाही, म्हणून ती जेवते. ती रात्र तू धरून बसला आहेस, पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती पोटभर जेवली हे तुला कोणी सांगितले नाही. पूजा भटजींकडे गेली की नैवेद्यही एका खडीसाखरेच्या वाटीवर येईल. मग तिच्या जेवणाची काळजी तू पडवीतल्या त्या कॅमेऱ्यातून करणार का? (तो कॅमेरा काढ, असे मी सांगत नाही. तिने त्यावर टॉवेल वाळत घातला आहे, एवढे कळवते.)

यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने अनारशांचे तांदूळ भिजत घातले. तीन दिवस रोज पाणी बदलायचे, मग उपसून सावलीत सुकवायचे, कुटायचे, चाळायचे, गुळात मळून पीठ मुरत ठेवायचे. घरात जावई नाही, वाण द्यायला कोणी येणार नाही, हे माहीत असून तिने तेहतीस अनारसे तळले आणि वालावलच्या लक्ष्मीनारायणाला नेऊन ठेवले. तुला ती अंधश्रद्धा वाटत असेल, तर वाटू दे. तुझ्या जाण्यानंतरचे ते दिवस तिने पाणी बदलत, पीठ मळत काढले.

आता माझे. माझा मुलगाही मला जर्मनीला चल म्हणतो. पाहुण्यांच्या व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, त्यामुळे कायमचे जाण्याचा प्रश्न परस्पर सुटतो असे मी सर्वांना सांगते. खरे तर तेवढी मुदतही मी पूर्ण राहिले नाही. चतुर्थीसाठी परत आले आणि नातीने पहिले पाऊल टाकले ते मी पाहिले नाही. त्याची चुटपुट मेल्याशिवाय जाणार नाही. एका वर्षी गणपती दिराच्या घरी नेता आला असता, असे माझ्या तोंडावर म्हणणारे नातेवाईक आहेत. म्हणोत. त्या फ्लॅटमध्ये सून मला कपसुद्धा विसळू देत नव्हती, मायेनेच, आणि मी खिडकीशी बसून सगळ्यांची संध्याकाळपर्यंत वाट पाहत असे. मुलगा रोज घरी येत होता, तरी मला त्याची आठवण येत होती. इथे तो सात समुद्रांपलीकडे आहे, पण तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा लावताना त्याचे नाव घेते आणि वाती वळायला बसते. मी हट्टी आहे हे मान्य. या घराचे दार बंद झाले असते तर मुले परत यायची तरी कुठे?

म्हणून तुला पुन्हा सांगते, आणि दहा वेळा सांगेन, तिच्या हातातले काम काढून घेऊ नकोस. करायचेच असेल तर तिचे काम वाढव. फोनवर "कशी आहेस" विचारू नकोस. त्याला "बरी आहे" याशिवाय उत्तर नसते. यंदा आमसुले किती झाली, साठे कुठवर वाळली, मेतकूट कधी दळणार ते विचार. दोन डबे माग. डबा निघाला की रडायची तशी ती रडेल. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. गुडघे दुखतात त्याला डॉक्टर दाखव, जड हंडे उचलायला माणूस लाव, गॅसची शेगडी तिच्या उंचीच्या ओट्यावर आण. तिथे पैसे खर्च कर.

गणपती १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. शनिवारी सकाळी पोहोच, कारण रविवारी गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधायची असते आणि तुझी आई यंदाही स्वतःच स्टुलावर चढायला निघेल. कांगणी, कवंडळे आणि हरणे ही माटवीची रानफळे-रानफुले डोंगरातून तू आण. बांधताना मात्र ती सांगेल तिथेच बांध, वाकडे दिसले तरी. तारीख नक्की झाली की आधी तिला कळव, मला नंतर.

कळावे,
तुझी काकू