पानफुटी लावताय? मग एवढं ऐका

पानफुटीला खत-बित काही नको. जाडसर पान ओलसर मातीवर नुसतं ठेवा, कडेच्या खाचांतून रोपं फुटतात. मूळची मादागास्करची, पण आपल्याकडे कुंपणाकुंपणाला दिसते. पाणी मात्र बेताने, नाहीतर मुळं कुजलीच म्हणून समजा.

गळवावर, सुजेवर शेकलेलं पान बांधायची जुनी रीत आहे. मुतखड्यासाठी सकाळी पान चावून खाणारेही पुष्कळ. ते आंबट लागतं, दुपारपर्यंत आंबटपणा उतरतो. ही गंमत वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइनने 1813 मध्ये टिपली होती.

पण तुम्ही लगेच रस काढायला बसू नका! या झाडात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, गुरांना विषबाधा होते. मुतखड्याची शंका असेल तर आधी सोनोग्राफी करा, डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईला तर देऊच नका. आणि कुंडी शेळीच्या तोंडापासून लांब ठेवा.