आंदणाची आलमारी, घरी चिकटवलेली पट्टी आणि दुकानदाराचा नकार

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी. मुलीच्या आंदणासाठी मार्चमध्ये अमरावतीच्या एका दुकानातून ३८,५०० रुपयांची आलमारी घेतली. बिलावर '१८ एमएम वॉटरप्रूफ प्लाय, २ वर्षे वॉरंटी' असं लिहून दिलं. मे महिन्यात एका पल्ल्याच्या कडेची पट्टी, म्हणजे एज बँड, सुटली. दुकानात चार वेळा फोन केला, माणूस आला नाही. लग्न आठ दिवसांवर आलं, म्हणून भाच्यानं बाजारातून पट्टी आणली आणि आम्ही घरीच इस्तरीनं चिकटवली. ऑगस्टमध्ये मुलीच्या सासरी, आर्वीला, आलमारीचा तळ फुगला आणि आतून भुसा निघू लागला. दुकानदार म्हणतो, 'तुम्ही छेडछाड केली, वॉरंटी संपली. केस करायची तर अमरावतीलाच या.' आमची चूक झाली का?

उत्तर : भाऊ, चूक झाली नाही. मांडवाच्या दिवशी सुटलेली पट्टी लोंबकळत ठेवून आंदण कोण मांडेल? करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ खालचं स्पष्टीकरण सांगतं की, नुकसानभरपाई ठरवताना ते नुकसान टाळायला हाताशी काय उपाय होते, हेही बघावं. तुम्ही तो उपाय केला. आधी फोन केले, वाट पाहिली, मग शंभर-दोनशे रुपयांत काम भागवलं. हे तुमच्या बाजूनं बोलणारं वर्तन आहे.

आता पत्रातल्या ज्या गोष्टीवर तुम्ही स्वतः जोर दिलेला नाही, तिच्याकडे या. पट्टी लावली पल्ल्याला आणि फुगला तळ. तळाला तुम्ही हातही लावला नव्हता. तळाच्या खालच्या कडेला कारखान्यातूनच पट्टी लागलेली होती का, ते आधी बघा. बऱ्याच आलमाऱ्यांमध्ये दिसणाऱ्या कडा झाकतात आणि जमिनीकडची कड उघडीच सोडतात. फरशी पुसताना, पावसाळ्याच्या ओलीत, पाणी तिथूनच वर चढतं. तसं असेल तर तुमची इस्तरी आणि हे फुगणं यांचा काडीचा संबंध नाही.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. प्लायच्या उघड्या कडेत पातळ थर एकावर एक आडवे-उभे दिसतात. भुसाबोर्डाच्या कडेत लाकडाचा चुरा दाबलेला दिसतो, नखानं सहज उकरतो. बिलावर प्लाय आणि आत भुसा असेल, तर भांडण वॉरंटीचं उरतच नाही. वस्तूचा दर्जा किंवा बनावट खोटी सांगून विकणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. सांगितल्यापेक्षा दर्जा कमी निघणं हा कलम २(१०) प्रमाणे दोष आहे. वॉरंटी जिवंत असो की संपलेली, या दोन गोष्टी तशाच उभ्या राहतात. म्हणून तक्रारीत हा मुद्दा पहिला घ्या, वॉरंटीचा दुसरा.

दुकानदाराचा वकील याच ग्राहक कायद्याचं कलम ८७ काढेल, हे गृहीत धरा. वस्तूत फेरफार केला असेल तर विक्रेत्यावर उत्पादन दायित्वाचा दावा चालत नाही, असं त्यात आहे. वाक्य ऐकून घाबरू नका. उत्पादन दायित्व म्हणजे आलमारी कुणाच्या अंगावर पडून इजा झाली, अशा तऱ्हेची प्रकरणं. वस्तू स्वतःच खराब निघाली, तर ते नुकसान कायद्यानं 'हानी'च्या व्याख्येतून, कलम २(२२) मध्ये, बाहेर ठेवलं आहे. तुमची तक्रार सदोष मालाची आहे, तिला कलम ८७ लागत नाही.

मात्र एक कळकळीची विनंती आहे. पट्टी घरी लावली, हे लपवू नका. तक्रारीच्या पहिल्याच पानावर तारीखवार लिहा : कोणत्या दिवशी सुटली, कधी कधी फोन केले, कोणत्या पल्ल्याला, किती फूट पट्टी लावली. तालुक्याच्या कोर्टात मी हेच पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. माणूस खरा असतो, पण एक छोटी गोष्ट दाबतो. ती समोरच्यानं उलटतपासणीत काढली की उरलेलं सगळं खरंही संशयात जातं.

आता त्या आलमारीला कुणीही हात लावू नये. जावईबापूंना सांगा, तळ बदलू नका, तुमची चिकटवलेली पट्टी काढू नका, फुगलेला भाग तासू नका. उरलेली पट्टी आणि तिचं बिल असेल तर जपा. आर्वीच्या एखाद्या जाणत्या सुताराला नेऊन, त्यानं काय पाहिलं ते त्याच्या सहीनं लिहून घ्या. बिजागरीच्या भोकात बॅटरी मारून फोटो काढा. तिथं पट्टी नसते, आतला माल उघडा दिसतो. कॉलची यादीही काढून ठेवा. फोटो जिल्हा ग्राहक आयोगात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडावं. दुकानदारानं मालातला दोषच नाकारला, तर ग्राहक कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्याची फी आधी तुमच्याकडून भरून घेतली जाते, तेवढी तयारी ठेवा.

'अमरावतीलाच या' हे खरं नाही. कलम ३४ प्रमाणे तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. तुम्ही दारव्ह्याचे, म्हणजे यवतमाळ. बिलावरच्या 'न्यायक्षेत्र अमरावती' या छापील ओळीनं तुमचा हा हक्क जात नाही. माल ५ लाखांच्या आतला असल्यानं फी नाही, आणि वकील लावण्याची सक्तीही नाही. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे. मार्चमधली खरेदीच धरून चाला, म्हणजे घोळ होणार नाही.

बिल तुमच्या नावाचं आणि वापर मुलीचा, याचीही काळजी नको. घेणाऱ्याच्या संमतीनं वापरणाराही कायद्यानं ग्राहकच. मुलीला सहतक्रारदार करा. हुंडा प्रतिबंधक नियमांप्रमाणे लग्नातल्या भेटींची यादी केली असेल आणि आलमारी तीत असेल, तर तिची प्रत जोडा. वस्तू कधी, कुणाकडे गेली ते त्यातून दिसतं.

आधी एक नोटीस स्पीड पोस्टानं धाडा. १५ दिवसांत आलमारी बदलून द्या किंवा ३८,५०० रुपये परत करा, एवढंच स्पष्ट लिहा. शिव्याशाप नको. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, नंबर लिहून ठेवा. काही दुकानदार तेवढ्यावरच जागे होतात.

आणि आर्वीला जाताना मूळ बिल नेऊ नका, झेरॉक्स न्या.