रिपोर्ट नॉर्मल, तरी ‘बरं नाही’

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे. रिपोर्ट नॉर्मल, तरी तब्येत विचारली की ‘यथातथाच’ म्हणतात. माणसांत मिसळले तर फरक पडेल?

उत्तर : ‘यथातथाच’ उडवून लावू नका. १९९७च्या २७ अभ्यासांच्या आढाव्यात, आजार हिशेबात धरूनही, स्वतःची तब्येत वाईट म्हणणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बहुतेक ठिकाणी जास्त दिसलं. मिसळण्याचा उपयोग होतो. पण बरं वाटत नाही म्हणूनही माणूस घरी बसतो. आधी अडचण शोधा : घोळक्यात ऐकू येत नाही, की लघवीला वारंवार जावं लागतं? हे आपणहून कुणी सांगत नाही. मग ठरल्या वारी जबाबदारीचं काम मिळू द्या, वाचनालयात पुस्तकांची नोंद वगैरे. नुसतं प्रेक्षक म्हणून बसवलं की जाणं बंद पडतं. भूक, झोपही बिघडली तर डॉक्टरांना दाखवा. नैराश्य असू शकतं.